मूल घर सोडण्याआधी घर चालवायला शिकवायचं, ते असं

जून-जुलैत प्रवेशाच्या याद्या लागल्या की पुण्यातल्या कितीतरी घरांत एकदम धावपळ सुरू होते. कोणी पवईला निघतं, कोणी पिलानीला, कोणी बंगळुरूला नोकरीवर, कोणी थेट जर्मनीला. तुळशीबागेत छोटा कुकर आणि मसाल्याचा डबा घेतला जातो, बोहरी आळीतून कुलूप आणि दोरी येते, आणि जाण्याच्या आठवड्यात आई घाईघाईने वरणभात शिकवायला बसते. दहावीपासून ज्या मुलाला "तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो" असं सांगितलं, त्याच्याकडून आठ दिवसांत सगळं यावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

पुण्याला खरं तर हे कोणी सांगायची गरज नाही. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत लातूर, नांदेड, बीडहून आलेली मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत एकेका खाटेचं भाडं देऊन राहतात, मेस लावतात, कपडे धुतात, अभ्यासिकेच्या वेळा सांभाळतात. आपल्या इमारतीखालून रोज जाणारी ही मुलं आपल्याच मुलांच्या वयाची असतात.

या लेखात कामांची यादी आहे, पण माझं मुख्य म्हणणं यादीबद्दल नाही. कुकर लावायला एका दुपारी शिकवता येतं. अवघड असतं ते काम दिसणं. दूध संपत आलंय, गॅसचा दुसरा सिलिंडर रिकामाच आहे, उद्या पाणी येणार नाही, चादर धुवायला झाली आहे, हे सगळं घरात एकच व्यक्ती डोक्यात ठेवते आणि बाकीचे तिने सांगितलं की उठतात. बाहेर गेल्यावर सांगणारी ती व्यक्ती सोबत नसते. म्हणून मुलाच्या हाती काम द्यायचं ते अख्खं: लक्षात ठेवण्यापासून मागचं आवरण्यापर्यंत.

कधी सुरू करायचं

आठवी-नववी हा उत्तम काळ. हात मोठे झालेले असतात, गॅसजवळ उभं राहता येतं आणि बोर्डाचं दडपण अजून आलेलं नसतं. दहावी-बारावीतही रोजची वीस मिनिटं काढता येतात, तेवढ्याने कोणाचे टक्के जात नाहीत. उलट सलग तीन तास बसलेल्या मुलाला कणीक मळताना बरंच वाटतं.

तुमच्या घरी ही वर्षं निघून गेली असतील तर बारावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचा काळ हाताशी आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. सीईटी, जेईई वगैरे मेअखेरपर्यंत उरकतात. त्यानंतरचे दोन महिने मुलं रिकामी असतात. ते दोन महिने नीट वापरले तर पुरतात.

मुलगा असो की मुलगी, यादी एकच. मुलीला पोळ्या आणि मुलाला बँकेची कामं अशी वाटणी अजूनही सुशिक्षित घरांत दिसते. ती दोघांचंही नुकसान करते. मुलीला फ्यूज आणि भाडेकरार कळायला हवा, मुलाला फोडणी आणि चादरी.

काम सोपवायची रीत

कुठलंही काम चार टप्प्यांनी द्या.

पहिल्या टप्प्यात तुम्ही करा, मूल बघेल. तोंडाने बोलत करा: "मोहरी तडतडली, आता जिरं. तेलातून धूर आला असता तर थांबले असते." आपल्या हाताला सवयीने जे येतं ते आपण कधी शब्दांत सांगितलेलंच नसतं, आणि बघणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

दुसऱ्या टप्प्यात दोघांनी मिळून. तिसऱ्यात मूल करेल आणि तुम्ही जवळ असाल, पण हात मागे बांधून. सर्वांत जास्त धीर इथे लागतो. कांदा जाड कापला जाईल, ओट्यावर पाणी सांडेल. भाजण्या-कापण्याचा धोका असेल तरच बोला. बाकी सगळं झाल्यावर, आणि तेही त्याने विचारलं तर.

चौथा टप्पा बहुतेक घरांत राहूनच जातो. त्यात ते काम महिनाभर त्याचंच असतं आणि तुम्ही आठवण करून देत नाही. समजा दुधाचं काम मुलीकडे दिलं. किती लागतं, उद्या पाहुणे आहेत म्हणून एक पिशवी जास्त हवी का, तापवून गार झाल्यावर फ्रिजमध्ये गेलं का, पातेलं घासायला पडलं का, महिन्याचा हिशेब काय झाला, हे सगळं तिचं. ती विसरली तर त्या दिवशी घरात कोरा चहा. कोणी रागवायचं नाही आणि कोणी गुपचूप जाऊन पिशवी आणायचीही नाही. बाबांना हे जास्त जड जातं असं माझं निरीक्षण आहे. ते चप्पल घालून निघालेलेच असतात.

काम पूर्ण झालं म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. स्वयंपाक पूर्ण म्हणजे पदार्थ तयार, एवढ्यावर थांबू नका. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये, सिंक रिकामं, ओटा पुसलेला, कचरा सुक्या-ओल्याच्या डब्यात आणि रेग्युलेटर बंद. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलं की रोजचा वाद संपतो.

आणखी एक. मुलाने झाडलेली खोली पुन्हा झाडू नका, त्याने घडी घातलेले कपडे त्याच्यासमोर उलगडून पुन्हा घडी घालू नका. आपण किती व्यवस्थित आहोत हे त्यातून त्याला कळतं, आणि आपल्याला हे जमणार नाही हेही तो ठरवून टाकतो.

स्वयंपाकघर

सुरुवात सुरीपासून. आपल्याकडे विळी असली तरी मुलांना सुरी आणि पाटच शिकवा, कारण पुढे तेच मिळणार आहे. भाजी धरलेल्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवायची, म्हणजे पातं पेरांना लागून सरकतं आणि बोट कापत नाही. बोथट सुरी जास्त धोक्याची असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती निसटते.

मग कुकर. तळाला दोन पेले पाणी, जाळी, खालच्या भांड्यात तुरीची डाळ, वरच्या भांड्यात तांदूळ. तांदळाला दुप्पट पाणी, डाळीला अडीच ते तीन पट, डाळीत चिमूटभर हळद, हिंग आणि दोन थेंब तेल. तीन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पाच मिनिटं, मग बंद. नव्या तांदळाला पाणी थोडं कमी लागतं, जुन्याला जास्त, म्हणून नवी पिशवी फोडली की पहिला भात हा अंदाज घेण्यासाठीच असतो हे सांगून ठेवा.

कुकरचं शास्त्रही सांगा, कारण भीती तिथेच असते. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतं आणि डाळ लवकर शिजते. बाजूने वाफ येतेय आणि शिट्टी होत नाही याचा अर्थ रबर सैल झालं आहे किंवा नीट बसलेलं नाही. शिट्टीच्या नळीत डाळीचा कण अडकला असेल तर दाब बाहेर पडत नाही, म्हणून लावण्याआधी ती नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. डाळ थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर निम्म्याच्या वर भरायचं नाही. आणि झाकण हाताला सहज सुटेपर्यंत उघडायचं नाही, मग भूक कितीही लागलेली असो.

गॅसच्या बाबतीत तीन गोष्टी पाठ हव्यात. वास आला तर विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, कारण बटणातली ठिणगीही पुरेशी असते. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरून १९०६ ला फोन करायचा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. पाणी उकळत्या तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करायचा आणि कढईवर झाकण किंवा ताट सरकवायचं. भाजलं तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावायचं नाही.

काय काय यायला हवं? माझ्या मते या क्रमाने: चहा, अंडं, कुकर, फोडणीचं वरण, मुगाची खिचडी, कांदेपोहे, पिठलं, एक पालेभाजी, एक रस्सा, एक उसळ, मग पोळी. पोळी शेवटी ठेवली आहे याचं आश्चर्य वाटेल. पण पोळी रोज सराव असेल तरच जमते, आणि ती कुठल्याही गावात विकत मिळते किंवा तिच्याजागी ब्रेड चालतो. खिचडी मात्र तापात, कंटाळ्यात, महिनाअखेरीला, कधीही कामाला येते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन निथळलेलं. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, मग तांदूळ-डाळ परतून चार वाट्या गरम पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. मऊ हवी असेल तर पाच वाट्या. हॉस्टेलमध्ये गॅस नसतो, पण चालत असेल तर विजेच्या छोट्या राईस कुकरमध्येही हीच खिचडी होते.

पोह्यांत मुलं एकच चूक वारंवार करतात. जाडे पोहे चाळणीत घेऊन भिजवून लगेच निथळायचे. भांड्यात पाण्यात बुडवून ठेवले की लगदा होतो.

उसळ मी मुद्दाम घातली आहे. गुरुवारी दुपारी मटकीची उसळ खायची तर मंगळवारी रात्री मटकी भिजत पडली पाहिजे, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली पाहिजे. पावसाळ्यात-थंडीत मोड यायला आणखी वेळ लागतो. दोन दिवस आधीचा विचार करायला लावणारा दुसरा इतका साधा पदार्थ मला माहीत नाही. ज्याला उसळीचं वेळापत्रक जमलं, त्याला कपडे धुण्याचा वार, तिकिटाची तारीख आणि फीची मुदतही हळूहळू जमते.

शिळ्या अन्नाबद्दल स्पष्ट बोला. शिजवलेला भात रात्रभर बाहेर ठेवला तर त्यात असे जिवाणू वाढतात ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. फ्रिज नसेल तर तेवढाच लावायचा.

खरेदी हा स्वयंपाकाचाच अर्धा भाग आहे. मुलाला एकदा शनिवारी सकाळी मंडईत न्या, महात्मा फुले मंडईच्या गाळ्यांमधून फिरवा आणि मग त्याच भाज्यांचे भाव घरपोच आणणाऱ्या ॲपवर बघायला सांगा. पावशेर म्हणजे किती, मेथीची एक जुडी निवडल्यावर उरते किती, भेंडीचं टोक सहज मोडलं पाहिजे, काकडी देठाकडे चाखायची, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पुढच्या आठवड्यात त्याला एकट्याला पाठवा. जास्त पैसे देऊन येईल, कोथिंबीर विसरेल, सुकलेली गवार घेऊन येईल. त्याच गवारीची भाजी त्याच्याकडूनच करून घ्या.

कपडे आणि स्वच्छता

कपडे तीन ढिगांत: पांढरे, रंगीत, जाड. नवा रंगीत कपडा पहिल्यांदा वेगळा, कारण त्याचा रंग जातो का ते ठाऊक नसतं. जीन्स उलटी करून. खिसे तपासून. पावडर जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, साबण राहून अंगाला खाज येते. मशीनचा कचरा अडकवणारा फिल्टर महिन्यातून दोनदा काढून धुवायचा. बादलीत हाताने धुणंही एकदा करून बघावं, हॉस्टेलचं मशीन परीक्षेच्या आठवड्यात हमखास बंद असतं. बटण लावणं आणि उसवलेली शिवण घालणं एवढी शिवणकला पुरे.

टॉयलेट घासायला दोघांनाही यायला हवं, यावर मी अडून राहीन. त्यात एक गोष्ट जिवाशी येणारी आहे: ॲसिड असलेला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो घातक ठरतो.

कचऱ्याची शिस्त पुण्यातल्या मुलांना बऱ्यापैकी माहीत असते. स्वच्छ संस्थेच्या ताई दारात येतात, ओला-सुका वेगळा मागतात. पण डबा भरून दारात ठेवण्यापलीकडे मुलाने काही केलेलं नसतं. महिनाभर ते काम त्याचं करा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. हे मुलग्यांनाही सांगा. उद्या त्यांच्या घरात बहीण, मैत्रीण, बायको असेल.

घरी कामाला मावशी येत असतील तर त्या गावच्या जत्रेला किंवा दिवाळीला सुट्टीवर गेल्या की बदली बाई शोधू नका. ते आठ दिवस घरातल्या सगळ्यांनी भांडी, केर, फरशी वाटून घ्या. मावशी रोज किती काम करतात हे मुलांना तेव्हाच कळतं, आणि त्यांच्याशी बोलण्याचा सूरही बदलतो.

पाणी, वीज आणि बिघाड

महापालिका बरेचदा देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि "शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल" अशी सूचना देते. ही सूचना पेपरात किंवा सोसायटीच्या ग्रुपवर वाचून घरात सांगणं आणि पिंप, बादल्या भरून ठेवणं हे काम मुलाकडे द्या. लक्ष ठेवण्याचा हा फार चांगला सराव आहे, कारण चूक दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना जाणवते.

घरातून एकदा मुलाला घेऊन फिरा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, मेन स्विच कुठे, कोणता एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) कोणत्या खोलीचा. एमसीबी पडला तर आधी त्या खोलीतली उपकरणं प्लगमधून काढायची, मग वर करायचा. पुन्हा पडला तर एकेक उपकरण लावून बघायचं, आणि काहीही न लावता पडत असेल तर वायरमनला बोलवायचं. गीझर, इस्त्री, हीटर मोठ्या म्हणजे सोळा अँपिअरच्या सॉकेटवर. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावला की वायर तापते आणि हॉस्टेलच्या खोल्यांना आगी लागतात त्या अशाच.

बादलीत घालायची पाणी तापवायची रॉड हा वेगळा विषय आहे, कारण भाड्याच्या खोल्यांत ती सर्रास असते. आधी बादली भरायची, मग रॉड बुडवायची, मग बटण. पाणी तापलं का हे बोट घालून बघायचंच असेल तर बटण बंद करून प्लग काढल्यावर. ओल्या पायांनी बटणाला हात नाही. लोखंडी बादली नाही.

वीजबिल वाचायला शिकवा. महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो, मागचं आणि चालू रीडिंग असतं, त्यांची वजाबाकी म्हणजे वापरलेली युनिट. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. म्हणजे दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालू राहिला की एक युनिट गेलं. शंभर युनिटच्या पुढे दर वाढतो, तीनशेच्या पुढे आणखी. हे गणित एकदा स्वतः केलेला मुलगा खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करतो. सांगून जे होत नाही ते बिल हातात दिल्यावर होतं, हे मी दोन्ही मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

पैसे

पॉकेटमनीने घर चालवायला शिकता येत नाही, कारण त्यातून फक्त हौस भागते. त्याऐवजी घरातलं एक खातं मुलाच्या ताब्यात द्या. समजा आठवड्याची भाजी-फळं: ठरावीक रक्कम सोमवारी द्यायची, त्यात आठवडा भागवायचा, वाचले तर त्याचे, संपले तर रविवारपर्यंत बटाटे आणि कडधान्य. दोन-तीन महिन्यांत त्याला हंगामी भाजी स्वस्त असते हे कोणी न सांगता कळतं.

दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतः व्यवहार करता येईल असं बचत खातं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार काढता येतं, मर्यादा बँक ठरवते. ते काढा, आणि मुलाला शाखेत घेऊन जा. फॉर्म त्याने भरायचा, काउंटरवर त्याने बोलायचं, तुम्ही बाकावर बसायचं.

फसवणुकीबद्दल नेमकं सांगा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. ओटीपी बँकेचा माणूस मागत नाही. पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत, "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार कायद्यात नाही. फसलाच तर लाजून गप्प बसायचं नाही. पहिल्या तासात १९३० ला फोन केला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. "तू आधी आम्हाला सांग, आम्ही ओरडणार नाही" हे वाक्य आत्ताच बोलून ठेवा, आणि पाळा.

खोली भाड्याने घेणार असेल तर एवढं: महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे. अनामत किती, परत कधी, नोटीस किती दिवसांची, हे वाचूनच सही. खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढायचे.

आजारपण

घरात ताप आला की आपणच थर्मामीटर लावतो, आपणच डॉक्टरांशी बोलतो, आणि सतरा वर्षांचा मुलगा शेजारी खाली मान घालून बसलेला असतो. हे बदला. यापुढे फॅमिली डॉक्टरांकडे त्याने बोलायचं: त्रास कधीपासून, ताप किती, काय खाल्लं, कोणती गोळी किती वाजता घेतली, कशाची ॲलर्जी. तुम्ही सोबत जा, पण बाहेर बसा.

औषधांचा छोटा डबा त्याचा त्याने तयार करायचा आणि कशावर काय हे स्वतःच्या अक्षरात लिहायचं. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्यांमध्ये निदान चार ते सहा तासांचं अंतर. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असतं, म्हणून पाकिटामागचं नाव वाचून मगच दुसरी गोळी. पावसाळ्यात जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंगदुखी असेल तर डेंग्यूची शक्यता धरायची, आणि तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. उरलेली अँटिबायोटिक मित्राला द्यायची नाही, मित्राची घ्यायची नाही.

जुलाब झाले तर जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण पाठ हवं. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस-आग-इतर कशालाही ११२. हे क्रमांक फोनमध्ये असून चालत नाही, फोन बंद पडतो.

फिरणं आणि कागदपत्रं

दारातून गाडीने सोडणं थांबवा. वनाज ते रामवाडी मेट्रो, पुढे पीएमपीचा थांबा, परत येताना दुसरा रस्ता. मग एकट्याने स्वारगेटहून एसटीने साताऱ्याला किंवा वाईला, मामाकडे राहून दुसऱ्या दिवशी परत. तिकीट त्याने काढायचं, गाडी चुकली तर पुढची त्याने शोधायची. पोहोचल्यावर एक फोन, वाटेत दर अर्ध्या तासाने नाही.

कागदपत्रांची फाइल मुलाने लावायची आणि त्याच्याच ताब्यात ठेवायची, छायांकित प्रती घरी. आधारचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण पंधराव्या वर्षानंतर करावं लागतं, ते राहिलं असेल तर प्रवेशाच्या गर्दीत अडतं. अधिवास दाखला काढायला सेतू केंद्रात त्यालाच पाठवा. मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ भरता येतो. सरकारी कचेरीत नम्रपणे पण न दबता बोलणं हे या सगळ्यातलं खरं शिक्षण आहे, आणि ते आईबाबा शेजारी उभे असताना होत नाही.

रंगीत तालीम

जाण्याच्या महिनाभर आधी तुम्ही चार दिवस घर सोडा. कोकणात जा, नातेवाइकांकडे जा. मूल घरी एकटं, फ्रिजमध्ये तयार भाजी ठेवायची नाही, ठरलेले पैसे द्यायचे, मावशींना सुट्टी. शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, पण डबा पाठवू नका असंही सांगा. हे शेवटचं त्यांना पटवणं सर्वांत अवघड असतं.

मुलगी अठराच्या आतली असेल, इमारत सुरक्षित वाटत नसेल, तर आजी-आजोबांना राहायला बोलवा आणि त्या चार दिवसांत घर तिने चालवायचं, आजीने फक्त जेवायचं.

परत आल्यावर घर कसं दिसतं यावर पहिलं वाक्य बोलू नका. जेवून झाल्यावर बसा आणि विचारा: काय आयत्या वेळी आठवलं? काय करायला नको वाटलं? कशासाठी फोन करावासा वाटला? या उत्तरांतून पुढच्या तीन आठवड्यांची यादी तयार होते. घर सोडण्याआधी त्याच गोष्टी करून घ्या, नवं काही शिकवू नका.

गेल्यानंतरचा पहिला महिना

फोनची वेळ ठरवून घ्या, रोज एकदा पुरे. "जेवलास का?" या प्रश्नाला मुलं हो म्हणूनच उत्तर देतात. "आज काय जेवलास?" विचारलं की खरं कळतं. पाककृती मागितल्याशिवाय पाठवू नका. गीझर बिघडल्याचा फोन आला तर इथून तिथल्या मालकाला फोन लावू नका, "तू त्यांना काय सांगणार आहेस?" एवढं विचारा. पहिल्या महिन्यात पैसे लवकर संपतील, ते बहुतेकांचे संपतात. एकदा द्या, हिशेब मागा, पुढच्या महिन्यात देऊ नका.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. दोन आठवडे नीट झोप नाही, जेवण सुटलं आहे, तासांना जाणं बंद झालं आहे, आवाज बदलला आहे, फोन टाळला जातोय, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर तिकीट काढा आणि जा. कॉलेजचं समुपदेशन केंद्र कुठे आहे हे प्रवेशाच्या दिवशीच बघून ठेवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर १०८ आणि ११२ च्या खाली लिहून द्या.